ब्रिजिडची रात्र

३१ जानेवारी

उद्या सेंट ब्रिजिड या आयरिश ख्रिस्ती संत स्त्रीचा सण. आयर्लंडमध्ये २०२३पासून त्याची सार्वजनिक सुट्टी असते, पण जुन्या खेड्यांत खरा सण आदल्या संध्याकाळी, स्वयंपाकघरातच व्हायचा. त्यात पाद्रीबाबांचं काही कामच नसे. मला त्यातलं हेच आवडतं.

उत्तरेला अल्स्टर प्रांताकडे घरातली मुलगी रश गवताची मोळी घेऊन दाराबाहेर उभी राही. ‘गुडघे टेका, डोळे उघडा, ब्रिजिडला आत घ्या!’ आतले म्हणत, ‘येऊ दे, येऊ दे!’ मग बटाटे-लोण्याचं जेवण, आणि त्याच गवताचे क्रूस विणणं.

हे रश पाणथळ कुरणात उगवतं, लव्हाळ्यासारखं, आत पांढरं भेंड. कापायचं नाही, उपटायचं, असा दंडक. चार हातांच्या क्रूसाला वीस-तीस काड्या पुरतात. एक काडी उभी धरायची. दुसरी मधोमध दुमडून तिच्या कमरेला अडकवायची, मोकळी टोकं उजवीकडे. मग सगळं डावीकडे पाव फेरा फिरवायचं, म्हणजे ती टोकं वर येतात. त्यांच्यावरून तिसरी दुमडायची, टोकं पुन्हा उजवीकडे. फिरवा, दुमडा, ओढा. मधला चौकोन वाढत जातो. शेवटी चारही हात दोऱ्याने बांधून टोकं छाटायची.

बिघडतं ते बहुतेक अंगठ्याच्या ढिलाईने. गवत वाळलं की आक्रसतं, त्यामुळे आज जेमतेम घट्ट वाटणारा क्रूस महिन्याभरात खुळखुळतो. काडी शिळी असेल तर दुमडतानाच तडकते.

नवा क्रूस दारावर किंवा गवताच्या छपरात आतून खोचत, आग लागू नये म्हणून. जुने काढत नसत, त्यामुळे काही घरांत धुराने काळ्या झालेल्या क्रूसांची रांगच असे. गोठ्यासाठी तीन हातांचा वेगळा. शिवाय रात्रभर झुडपावर किंवा खिडकीबाहेर एक फडकं ठेवायचं, ब्रिजिड जाताजाता त्याला स्पर्श करते म्हणून. पुढे वर्षभर तेच डोकेदुखीला कपाळावर आणि अडलेल्या गाईच्या पाठीवर.

दक्षिणेत आणि पश्चिमेत लाकडी काड्यांवर पेंढा गुंडाळलेले चौकटीचे क्रूसही होते. १९६१च्या अखेरीस आयर्लंडचं सरकारी दूरदर्शन सुरू झालं, त्याने चार हातांचा क्रूस बोधचिन्ह म्हणून घेतला, आणि तोच काय तो ‘ब्रिजिडचा क्रूस’ अशी समजूत पक्की झाली. गोठ्यातला बिचारा तीन हातांचा आता फारसा कुणाला विणताही येत नाही.