तुम्ही विचारलंत म्हणून : आधी रबर, मग टर्बो

"काका, मियाटा घेतली. आता पहिलं काय टाकू, टर्बो की एक्झॉस्ट?" न्यू जर्सीतल्या गणपतीत, मराठी शाळेच्या आवारात, कधी थेट माझ्या गॅरेजच्या दारात, इतक्या जणांनी हे विचारलं आहे की एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारं यंत्र, एक्झॉस्ट म्हणजे धुराची नळी.) माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा चेहरा उतरतो. पहिला पैसा रबरावर घाला.

आधी गाडीची ओळख. माझदाने फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ही दोन माणसांची, उघड्या टपाची छोटी गाडी दाखवली. बाहेर बहुतेक ठिकाणी ती एमएक्स-5, अमेरिकेत मियाटा. वर उघडणारे हेडलाइट असलेली पहिली पिढी 1997 पर्यंत निघाली, चार लाखांहून जास्त गाड्या. सुरुवातीचं इंजिन 1600 सीसीचं, 116 हॉर्सपॉवरचं, 1994 पासून 1800 सीसीचं. आजच्या साध्या सेडानमध्येही याहून जास्त ताकद असते. पण वजन हजार किलोच्या आसपास, ओढ मागच्या चाकांना आणि चारही कोपऱ्यांत डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली दोन हातांनी धरलेलं. स्टिअरिंग जेवढं वळवाल तेवढंच नाक वळतं, गिअर मनगटाच्या हालचालीत पडतो, आणि रस्त्यावर काय चाललंय ते सीटमधून कळतं. या गाडीवर जीव जडतो तो यामुळे. म्हणूनच पहिल्या खर्चाने हे टिकायला हवं किंवा परत यायला हवं.

ते हरवतं कशाने? लोखंडाने नाही. नीट तेल बदललेली, दोन लाख मैल पळालेली इंजिनं मी उघडून पाहिली आहेत, आतून अजून स्वच्छ. हरवतं ते रबराने. रबर मैल मोजत नाही, वर्षं मोजतं. उष्णता, तेल, हवेतला ओझोन त्याला गाडी उभी असतानाही खात असतात. "फक्त चाळीस हजार मैल झालेत" असं विकणारा अभिमानाने सांगतो, पण तीस वर्षांच्या होजला (रबरी नळीला) त्याचं सोयरसुतक नसतं. उलट बराच काळ उभी राहिलेली गाडी मी जास्त संशयाने बघतो.

सुरुवात टायमिंग बेल्टपासून करा, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या दांड्यांचा ताल जुळवणाऱ्या रबरी पट्ट्यापासून. कंपनीने तो 60,000 मैलांवर, म्हणजे साधारण 96,000 किलोमीटरवर बदलायला सांगितला आहे. आधीच्या मालकाने बदलल्याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हला धडकत नाही, त्यामुळे इंजिन मरत नाही, फक्त तुम्ही हमरस्त्याच्या कडेला उभे राहता. पण खरं महत्त्व बेल्टपेक्षा त्याच्यासोबत उघडणाऱ्या जागेला आहे. वॉटर पंप फिरवणारा पट्टा बाहेरचा असला तरी पंप काढायला टायमिंगची कव्हरं काढावीच लागतात. तेव्हा पंप, क्रँकचं (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) पुढचं ऑइल सील आणि दोन्ही कॅमची (वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची) सीलं त्याच बैठकीत बदला. सुटे भाग स्वस्त आहेत, महाग आहे ती मजुरी. सहा महिन्यांनी एका सीलसाठी तेच सगळं पुन्हा उघडण्यात अर्थ नाही.

तिथे हात घातलाच आहे तर क्रँकची पुली बघा. 1990 आणि 1991 च्या पूर्वार्धातल्या इंजिनांत क्रँकचं पुढचं टोक आखूड होतं. तिथली चावी आणि खाच झिजते, पुली हलू लागते, टायमिंग बिघडतं. पुलीच्या मधल्या भागात चार खाचा दिसल्या तर आखूड, आठ दिसल्या तर नंतरचं, सुधारलेलं. आखूड असेल तर घाबरून जाऊ नका, असली कितीतरी इंजिनं आजही धावताहेत. पण बोल्ट ठरलेल्या टॉर्कलाच आवळा, अंदाजाने कधीच नाही. आणि त्या इंजिनावर टर्बोचे पैसे घालण्याचा विचार तिथेच सोडा.

मग पाणी. या बाबतीत मी हट्टी आहे. जुन्या मियाटांना मारणारी गोष्ट एकच, गाडी तापणं. रेडिएटर ॲल्युमिनियमचा, पण वरची-खालची टाकी प्लास्टिकची. नवी काळी असते, म्हातारी झाली की हिरवट तपकिरी होते. असा रंग दिसला की गळण्याची वाट बघू नका. एक दिवस जोडावरून चीर जाते, पाणी संपतं आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधलं पॅकिंग, उडतं. काट्यावर भरवसा ठेवू नका. या गाडीचा तापमानाचा काटा बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मध्यावरच बसून राहतो. तो हलला तोवर उशीर झालेला असतो. रेडिएटर, वरचा आणि खालचा होज, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण, आणि हो, हीटरचे दोन होज. हे शेवटचे इंजिन आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) यांच्या मधल्या अरुंद जागेत आहेत, हात सोलून निघतो, म्हणून सगळे ते सोडून देतात. फुटतात तेच.

त्याच अंधाऱ्या जागेत, हेडच्या मागच्या बाजूला रबराचं एक बूच आहे. ते तिथे का, हे कळलं की पूर्ण गाडी समजल्यासारखी वाटते. हे इंजिन मुळात माझदाच्या 323 या, पुढच्या चाकांना ओढ असलेल्या गाडीतून आलं, तिथे ते गाडीच्या रुंदीत आडवं बसतं. तिथे पाणी एका टोकाने आत जायचं आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. मियाटात इंजिन गाडीच्या लांबीत बसवताना मागे जागाच नव्हती, म्हणून बाहेर पडायची वाटही पुढेच, पंपाच्या बाजूला आणली आणि मागचं तोंड बुजवलं. त्यामुळे मागच्या सिलिंडरांना पाणी थोडं कमी मिळतं. ट्रॅकवर पळवणारे आणि टर्बोवाले पाण्याची वाट पुन्हा मागून काढतात, त्याचे तयार किट मिळतात. रोजच्या वापराला त्याची गरज नाही. ते बूच मात्र बदलून घ्या.

याच कोपऱ्यातली आणखी एक गोष्ट पुष्कळांचे पैसे वाचवेल. हेडच्या पाठीमागे कॅम किती फिरला ते मोजणारा कॅम अँगल सेन्सर आहे, त्याला एक छोटी ओ-रिंग (रबराची गोल कडी). ती कडक झाली की तेल इंजिनच्या पाठीवरून ओघळत गिअरबॉक्सच्या तोंडाशी थेंब थेंब गळतं. खालून बघणारा मेकॅनिक म्हणतो, क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. उतरवू देऊ नका. आधी ती ओ-रिंग बदला, इंजिन धुऊन काढा आणि पुन्हा बघा. सेन्सर सोडवण्याआधी त्याच्या जागेवर खूण करायला विसरू नका, नाहीतर इग्निशनचं टायमिंग हलतं.

क्लचचं पेडल दाबलं की तेलाचा दाब मास्टर सिलिंडरमधून स्लेव्ह सिलिंडरकडे जातो, आणि हा स्लेव्ह आज ना उद्या गळणारच. मास्टर, स्लेव्ह आणि मधला होज तिन्ही एकत्र बदला. ब्रेकचे चार रबरी होज आणि सगळं ब्रेक ऑइलही. ते हवेतलं पाणी ओढतं. चांगले पॅड आणि ताजं तेल एवढ्यावर मूळ ब्रेक या वजनाच्या गाडीला पुरेसे आहेत, मोठ्या कॅलिपरचा मोह नको.

आता टायर. जुन्या स्पोर्ट्स कारचे टायर झिजत नाहीत, वाळतात. नक्षी छान खोल दिसते, म्हणून मालक खूश असतो. बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांचा टायर असेल तर नक्षीकडे बघूही नका. मूळ माप 185/60 आर 14. हल्ली या मापात चांगले टायर कमी मिळतात, म्हणून बरेच लोक 15 इंची चाकांवर जातात. त्यात काही वावगं नाही, फक्त चाक हलकं निवडा. नवे, मऊ टायर घातल्यावर गाडी जेवढी बदलते तेवढी कुठल्याही एक्झॉस्टने बदलत नाही. एक्झॉस्टने आवाज बदलतो, पिकअप जवळपास तेवढंच राहतं.

सगळ्यात शेवटी, पण माझ्या मते सगळ्यात मोठा बदल, सस्पेन्शनचे बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबराचे तुकडे. पैसे लागतात, कष्टही लागतात. मिठाच्या रस्त्यांवर हिवाळे काढलेल्या गाडीत अलाइनमेंटचे (चाकांचे कोन जुळवायचे) बोल्ट बुशच्या नळीत गंजून धरलेले असतात, कधी कापूनच काढावे लागतात. रबराऐवजी पॉलियुरेथेन (कडक प्लास्टिक) घालू का, असंही विचारतात. रस्त्यावरच्या गाडीला मी कंपनीच्या साध्या रबराचेच बुश घालतो. पॉली वेळोवेळी ग्रीस मागतो, नाही दिलं की किरकिरतो. आणि एक गोष्ट मेकॅनिकच्या शेजारी उभं राहून करून घ्या. बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी आपल्या वजनावर, चाकांवर उभी असताना. या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मी असे एका वर्षात गेलेले बुश काढले आहेत.

शॉकॲब्सॉर्बर बदलताना आतले बंप स्टॉपही (सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारे मऊ ठोकळे) बघा. जुन्यांचा हात लावताच भुगा होतो. या गाडीच्या सस्पेन्शनला वरखाली व्हायला जागा मुळातच थोडी, त्यात लोक आखूड स्प्रिंग घालून गाडी आणखी खाली बसवतात. दिसायला देखणी दिसते हे खरं. प्रत्येक खड्ड्यावर मात्र मणक्याला कळतं. नवे बुश, चांगले शॉक, मूळ उंची आणि नीट केलेलं अलाइनमेंट, एवढं झालं की पहिल्या वळणाला कळतं, गाडी पुन्हा एकसंध झाली.

रबराबाहेरचं आणखी एक काम मी यादीत घालतो. सीटच्या मागे, टपाच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जायला नळ्या आहेत. पानांनी त्या तुंबतात आणि पाणी दाराखालच्या पत्र्यात साचून आतून गंज धरतो. त्या साफ करायला काहीच खर्च नाही. गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा म्हटला तर गाडीच्या किमतीएवढं बिल येऊ शकतं.

पुण्या-मुंबईहून फोनवर विचारणाऱ्यांकडे मियाटा नसते. बहुधा 1500 सीसीची जुनी व्हीटेक होंडा सिटी असते. उत्तर तेच, तिलाही टायमिंग बेल्टच आहे, आणि उन्हात रबर आणखी लवकर कडक होतं. तिथे कायद्याचाही प्रश्न आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ स्पष्ट केला : कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. झिजलेलं रबर काढून कंपनीचंच नवं घालण्याला त्याची आडकाठी नाही.

आणि टर्बो? हे सगळं करून एक उन्हाळा गाडी चालवा. टर्बो किटच्या पैशांत, पाना स्वतः हातात घेतलात तर, वरचं बहुतेक सगळं होतं. त्यानंतरही हवाच असेल तर जरूर या, बसून यादी करू. 1600 च्या गाडीचं मागचं डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) लहान आहे, 1994 पासूनचं मोठं आणि दणकट, ते आधी शोधावं लागेल. क्लच लागेल, इंधनाचं गणित सांभाळणारा नवा कॉम्प्युटर लागेल. पण या सगळ्याच्याही आधी रोल बार, म्हणजे सीटमागे बसवायची लोखंडी कमान. गाडी उलटली तर पुढच्या काचेची चौकट डोकं वाचवायला पुरेशी नाही. बार लावल्यावर सीटवर बसून त्याच्या वरून पुढच्या काचेच्या चौकटीवर एक सरळ पट्टी ठेवून बघा. डोकं पट्टीला लागत असेल तर सीटमधला थोडा फोम काढून खाली बसा.