जुन्या थारचे हेडलाइट घरीच बदलले

महिंद्राची जुनी थार, म्हणजे 2020 च्या ऑक्टोबरात नवी आली त्याआधीची सीआरडीई डिझेल इंजिनवाली, ज्यांच्याकडे आहे त्यांना तिच्या हेडलाइटबद्दल वेगळं सांगायला नको. गाडी कुठेही चढते, पण रात्री डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या उजेडावर, समोर मळकट पिवळा उजेड पडतो आणि काळं डांबर तो गिळून टाकतं. माझं कामानिमित्त कराड-चिपळूण जाणं-येणं असतं. ऊसतोडणीच्या हंगामात मल्हारपेठ, पाटणपर्यंत ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आणि उसाच्या बैलगाड्या चालू असतात. कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला. पुढे कोयनानगर ओलांडलं की कुंभार्ली घाट, आणि पावसाळ्यात तिथलं धुकं. या रस्त्यावर डाव्या कडेला काय उभं आहे ते वेळेत दिसलंच पाहिजे. म्हणून यंदा हेडलाइट बदलायचे ठरवले, तेही स्वतःच्या हाताने.

बाजारात चौकशी केली की पहिलं उत्तर एकच मिळतं: "साहेब, एलईडी टाका, दिवसासारखं दिसेल." जुन्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब बसवायचा, पाच मिनिटांचं काम. मी ते केलं नाही, कारण त्याआधी गाडीतला हॅलोजनचा एच4 बल्ब हातात धरून नीट पाहिला. तुम्हीही पाहा. आत दोन फिलामेंट असतात, एक डिपरचं आणि एक लांबवर जाणाऱ्या अप्परचं. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती वाटी त्या फिलामेंटचा खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे तो दिव्यातल्या चकचकीत रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून रस्त्यावर खाली येतो. समोरच्याच्या डोळ्यात उजेड जात नाही तो या नखाएवढ्या पत्र्यामुळे. वाटीची एक कड पंधरा अंशांनी खाली उतरवलेली असते. तिच्यामुळेच रस्त्याच्या एका बाजूला उजेडाची रेषा वर चढते आणि कडेचा माणूस, दगड, ट्रॉली दिसते. रिफ्लेक्टरचं सगळं गणित त्या फिलामेंटच्या जागेवर बेतलेलं असतं. त्या जागी एलईडीच्या चिप आल्या, त्यांची जागा आणि आकार मिलिमीटरभर जरी वेगळा असला, तरी ते गणित विस्कटतं. गाडीच्या पुढ्यात लख्ख उजेड दिसतो, चालकाला बरं वाटतं, पण लांबचं दिसत नाही आणि समोरचा आंधळा होतो.

दुसरा सल्ला 100/90 वॅटच्या बल्बांचा. कंपनीचा बल्ब 60/55 वॅटचा असतो, म्हणजे एका बल्बाला साधारण पाच अँपिअर. शंभर वॅटचा बल्ब आठ अँपिअरच्या पुढे जातो. मूळ वायरिंग, होल्डर आणि स्विच त्यासाठी बनवलेलेच नाहीत. होल्डर वितळून बल्बाला चिकटलेल्या गाड्या मी गॅरेजमध्ये पाहिल्या आहेत. तोही विचार सोडला.

मग मल्टिमीटर काढला. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा तास हाच, आणि बहुतेक लोक तोच वगळतात. इंजिन चालू ठेवून मुलीला अ‍ॅक्सिलरेटरवर हलका पाय ठेवायला सांगितला. बॅटरीच्या टर्मिनलवर 14.1 व्होल्ट आले. मग डिपर लावून डाव्या बल्बाच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरच्या प्लगमध्ये, मागून पिना घालून मोजलं: 12.3. उजवीकडे 12.5. म्हणजे जवळपास पावणेदोन व्होल्ट वाटेतच खर्च होत होते. काही स्विचमध्ये, काही बारीक वायरींमध्ये. अर्थच्या (निगेटिव्ह) बाजूने मोजलं तर तिथेही अर्धा व्होल्ट जात होता, कारण बॉडीला जिथे अर्थ जोडलेला होता तिथे गंज धरला होता.

पावणेदोन व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, साधारण 3.4 व्या घाताने कमी होतो. हिशेब केला तर माझ्या दिव्यांचा एक तृतीयांशाहून जास्त उजेड वायरिंगच खात होतं. एच4 बल्बाचा प्रमाणित उजेड, अप्परला 1650 आणि डिपरला 1000 लुमेन, हा 13.2 व्होल्टला मोजलेला असतो. माझ्या गाडीत तेवढे व्होल्ट बल्बापर्यंत पोचतच नव्हते. हे कळल्यावर दिव्यांबरोबर रिलेचं वायरिंगही घ्यायचं नक्की झालं. रिले म्हणजे गाडीच्या स्विचच्या इशाऱ्यावर बॅटरीचा करंट थेट दिव्याला जोडून देणारा छोटा विजेचा स्विच.

या थारचा दिवा गोल, सात इंची. हे माप जगभर चालतं, त्यामुळे पर्याय भरपूर, आणि धोकाही तिथेच. जीपसाठी बनवलेले सात इंची एलईडी दिवे ऑनलाइन ढिगाने मिळतात. त्यातले बरेच अमेरिकेच्या रस्त्यांसाठीचे असतात, काचेवर डीओटी (अमेरिकेचं वाहतूक खातं) अशी अक्षरं. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणून त्या दिव्यांची चढती रेषा उजवीकडे असते. आपल्याकडे ती थेट समोरच्या चालकाच्या तोंडावर जाते, आणि आपल्या डाव्या कडेला मात्र अंधारच राहतो. स्क्रू कितीही फिरवा, हा दोष जात नाही.

म्हणून दुकानात गेल्यावर मी खोक्यावरचं काही वाचलं नाही, दिवाच बाहेर काढायला सांगितला. काचेच्या खालच्या भागात गोलात इंग्रजी ई आणि एक आकडा असतो, तो युरोपीय मान्यतेचा. शेजारी एचसीआर ही अक्षरं: हॅलोजन, डिपर, अप्पर. आणि त्याखाली आडवा बाण. दिव्यासमोर उभं राहून पाहताना बाण आपल्या उजवीकडे टोक करून असेल, तर तो दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी, म्हणजे आपल्यासाठी. बाणच नसेल तर उजवीकडच्या वाहतुकीसाठी. दोन्हीकडे टोक असेल तर दोन्हीसाठी. दुकानदाराने आधी पुढे केलेल्या जोडीवर बाण नव्हता. हेला कंपनीच्या सात इंची एच4 दिव्यावर तो होता, तो घेतला. काच खरी काचेचीच आहे, प्लॅस्टिक नाही, त्यामुळे उन्हाने पिवळी पडायचा प्रश्न नाही. बल्ब साधे 60/55 चेच घेतले, ओळखीच्या कंपनीचे.

रिले किटमध्ये दोन रिले, फ्यूज, अडीच स्क्वेअर एमएमची वायर आणि सिरॅमिकचे होल्डर होते. किट घेण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते: आपल्या गाडीचा स्विच बल्बाला प्लस देतो की निगेटिव्ह. काही गाड्यांत प्लस कायम असतो आणि स्विच निगेटिव्ह जोडतो, तिथे साधं किट चालत नाही. मल्टिमीटर होताच, पाहून घेतलं आणि त्याप्रमाणे किट मागितलं.

बसवायला रविवारची सकाळ घेतली. आधी दहाचा पाना लावून बॅटरीची निगेटिव्ह काढली. बाहेरची काळी रिंग सुटली की आत दिवा धरून ठेवणारी पत्र्याची रिंग दिसते. तिचे स्क्रू गंजलेले होते. डब्ल्यूडी-40 मारून चहा होईपर्यंत थांबलो, मग जोर न लावता सुटले. इथे घाईत भलतेच स्क्रू फिरवले जातात. दिव्याच्या वर एक आणि बाजूला एक असे स्प्रिंगचे स्क्रू असतात, ते फोकस सेट करायचे. त्यांना या टप्प्यावर हात लावू नये.

जुना दिवा बाहेर काढून उन्हात धरला. रिफ्लेक्टरवर खालच्या बाजूला राखाडी डाग, चकाकी उडालेली, आत धुळीचा थर. तो पुसून उपयोग नसतो. चकाकी म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमचा अतिशय पातळ थर, फडक्याबरोबर तोच निघून येतो.

बल्ब बसवताना काचेला बोट लागू देऊ नये. त्वचेचं तेल काचेवर राहिलं तर तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. मी धुतलेला सुती रुमाल वापरला. एच4 ला तीन कान असतात, त्यातला रुंद कान वर. तो एकाच पद्धतीने बसतो, दाबावा लागत असेल तर चुकतंय असं समजावं. मग तारेची क्लिप, मग रबर बूट, म्हणजे दिव्यामागचं रबरी आवरण. बूट चारही बाजूंनी नीट बसला नाही तर पहिल्याच पावसाळ्यात दिव्यात पाणी जातं.

रिले बॅटरीजवळ बोनेटखाली लावले, पिना खाली करून, म्हणजे आत पाणी साचत नाही. 30 नंबरच्या पिनेला फ्यूजमधून बॅटरीचा प्लस, 87 वरून दिव्याकडे जाड वायर, 85 आणि 86 या दोन पिना कॉइलच्या. जुना एक कपलर फक्त या कॉइलला इशारा देतो, दुसरा टेप गुंडाळून बांधून ठेवला. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. लांब असेल तर मधली वायर बॉडीला घासून शॉर्ट झाल्यावर तो फ्यूज काही वाचवू शकत नाही. अर्थ जोडायच्या जागेचा रंग पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत पत्रा काढला, बोल्ट आवळून वर ग्रीस लावलं. सगळं झाल्यावर पुन्हा मोजलं: बल्बापाशी 13.7. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढ्याने फरक पडतो?" दिवे लावून दाखवले, पुढे काही सांगावं लागलं नाही.

पण काम इथे संपत नाही. दिवा बसवून फोकस सेट न करता रस्त्यावर जाणं मला मान्य नाही. आमच्या गावच्या गोदामाला लांब पांढरी भिंत आहे, पुढे सिमेंटचं अंगण. अंगण सपाट आहे का ते गवंड्याची पाण्याची नळी आणून आधी पाहिलं. चारही टायरमध्ये हवा भरली, चालकाच्या जागी मुलीला बसवलं. भिंतीपासून दिव्यापर्यंत दहा मीटर मोजले. जमिनीपासून दिव्याच्या मधोमध किती उंची आहे ते मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली, दोन्ही दिव्यांच्या समोर उभ्या रेघा. नेहमीच्या गाड्यांना उजेडाची कड दहा मीटरवर दहा सेंटिमीटर खाली ठेवतात. थारचे दिवे उंचावर असल्याने मी बारा ठेवली.

तिन्हीसांजेला एक दिवा गोणपाटाने झाकून दुसरा सेट केला. झाकण फार वेळ ठेवायचं नाही, काच तापते. चांगल्या दिव्याची खूण भिंतीवर लगेच कळते: उजव्या अर्ध्या भागात उजेडाची कड आडवी, सरळ, आणि मधल्या उभ्या रेघेपासून डावीकडे ती तिरकी वर चढत जाते. तो कोपरा बरोबर उभ्या रेघेवर आला पाहिजे. वरच्या स्क्रूने उंची, बाजूच्या स्क्रूने डावं-उजवं. अर्धा फेरा फिरवा, मागे सरून पाहा, पुन्हा अर्धा. या कामात वेळ गेला, पण तो सत्कारणी लागला.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला 106 वा नियम सांगतो की दिव्यापासून 8 मीटरवर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो उजेड दिपवता कामा नये. टेपने मोजून मी त्याच जागी जाऊन उभा राहिलो, गुडघे थोडे वाकवून डोळे दीड मीटरवर आणले आणि डिपरकडे पाहिलं. दिवा दिसत होता, डोळे दिपत नव्हते. हा नियम प्रत्येक गाडीवाल्याने एकदा तरी असा अंगावर घेऊन पाहावा.

पुढच्याच आठवड्यात रात्री चिपळूणहून परतलो. घाटात डाव्या बाजूचा कठडा आणि गटाराची कड वळण सुरू होण्याआधीच दिसू लागली होती. धुक्यात अप्पर लावून उपयोग नसतो, उजेड पांढरा पडदा होऊन परत येतो, पण डिपरची कड आता नीट खाली असल्याने रस्त्याचा पांढरा पट्टा सुटला नाही. मल्हारपेठच्या अलीकडे उसाची ट्रॉली होती, मागे दिवा नाही. ब्रेक दाबायची घाई करावी लागली नाही, ट्रॉलीबाहेर लोंबणारे वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, लांबूनच दिसले. आणि वाटेत समोरून आलेल्या एकाही एसटीने किंवा ट्रकने डिपर मारून तक्रार केली नाही. माझ्यासाठी खरी पावती तीच.

दिवे, बल्ब आणि किट मिळून खर्च एलईडीच्या चांगल्या जोडीपेक्षा बराच कमी आला. आता एवढंच पाळतो: थारला मागे पाटे आहेत, मागे माणसं किंवा सामान भरलं की नाक वर होतं, त्यामुळे भरल्या गाडीने रात्रीचा लांबचा प्रवास असेल तर आधी भिंतीवर कड तपासून घेतो. खडबडीत रस्त्यांनी स्क्रू हलतात, म्हणून हंगाम सुरू होताना पुन्हा एकदा गोदामाची भिंत गाठायची. एक जादा एच4 बल्ब रुमालात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम ठेवलेला असतो.