तुम्ही विचारलंत म्हणून: एअर-कूल्ड पोर्शमध्ये कुठलं ऑइल घालायचं?

जुनी एअर-कूल्ड पोर्श ९११ घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंजिनात ऑइल कुठलं घालू? २०डब्ल्यू-५० की सिंथेटिक? बहुतेकांना एका ब्रँडचं नाव हवं असतं. नाव देता येईल, पण गाडी दुबईत चालते की म्युनिकच्या थंडीत, हे कळल्याशिवाय त्या नावाचा उपयोग नाही.

आधी थोडक्यात उत्तर, आकड्यांचा अर्थ पुढे येईलच. इंजिन २.७ लिटर किंवा त्याहून लहान असेल आणि हवा उष्ण असेल तर २०डब्ल्यू-५०. ३.० लिटरपासून पुढच्या इंजिनांना १५डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-६०. पारा शून्याखाली जातो अशा ठिकाणी हिवाळ्यातही गाडी बाहेर काढत असाल तर पोर्शची ए४० मान्यता असलेलं ५डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-५०. पोर्शने स्वतःच्या क्लासिक गाड्यांसाठी काढलेल्या ऑइलांचीही विभागणी अशीच आहे: २.७ लिटरपर्यंत २०डब्ल्यू-५०, ३.० लिटरपासून १०डब्ल्यू-६०. आणि ग्रेड कुठलाही असो, फॉस्फरस १००० ते १३०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) दरम्यान हवा.

आता कारणं. १९६४ ते १९९८ या काळातल्या ९११ ला आपण एअर-कूल्ड म्हणतो खरं, पण पंखा गार करतो तो सिलिंडर आणि हेडचा बाहेरचा भाग. क्रँक, बेअरिंग, कॅम आणि पिस्टनची खालची बाजू यांची उष्णता बाहेर काढतं ते ऑइलच. म्हणून साध्या गाडीत चार लिटर ऑइल असतं, तिथे या गाडीत मॉडेलप्रमाणे ९ ते १३ लिटर. ते इंजिनाखालच्या चेंबरमध्ये साठत नाही. एक पंप ते उपसून मागच्या उजव्या चाकाजवळच्या टाकीत पाठवतो आणि दुसरा पंप टाकीतून दाबाने पुन्हा इंजिनात देतो. इंजिनावर एक ऑइल कूलर असतो आणि पुढे बऱ्याच मॉडेलांत उजव्या पुढच्या मडगार्डमध्ये दुसरा आला. त्याच्याकडे जाणारा थर्मोस्टॅट ८५ अंशांच्या आसपास उघडतो.

म्हणजे ग्रेड ठरवायचा तो तुमच्या गाडीतलं ऑइल प्रत्यक्षात किती तापतं, त्यावरून. ऑइल टेंपरेचरचा काटा ९० ते ११० च्या दरम्यान राहत असेल तर ४० ग्रेडचं चांगलं ऑइलही पुरतं. ट्रॅफिकमध्ये किंवा घाटात ते ११५-१२० वर जात असेल तर ५० हवं. काही वर्षांच्या मीटरवर अंकच नाहीत, नुसत्या रेघा आहेत. तिथे इन्फ्रारेड थर्मामीटरने टाकीचं तापमान एकदा मोजून कुठली रेघ म्हणजे किती अंश ते लिहून ठेवा. काटा १२० च्या पुढे जाऊ लागला तर मात्र ऑइल बदलून उपयोग नाही. पुढच्या कूलरकडे जाणारे पाइप हाताला गरम लागतात का, फॅनबेल्ट सैल आहे का, कूलरच्या जाळीत माती बसली आहे का, इंजिनाभोवतीचे पत्रे कोणी काढून टाकले आहेत का, हे आधी बघा. पाइप थंड असतील तर थर्मोस्टॅट अडकला आहे. अशा वेळी घट्ट ऑइल घालणं हे दुखणं लपवणं आहे, शिवाय घट्ट ऑइल स्वतःच्या घर्षणाने आणखी तापतं.

डब्यावरच्या आकड्यांबद्दल. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो: २०डब्ल्यूची क्रँकिंगची चाचणी उणे १५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. नंतरचा आकडा १०० अंशांवरचा घट्टपणा सांगतो: ४० ग्रेड म्हणजे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणाचं एकक), ५० ग्रेड म्हणजे १६.३ ते २१.९. पण या इंजिनासाठी खरा महत्त्वाचा आकडा डब्याच्या दर्शनी बाजूला छापलेला नसतो. तो एचटीएचएस, म्हणजे १५० अंशांवर आणि वेगाने घासलं जात असताना उरणारा घट्टपणा. बेअरिंगमध्ये ऑइलचा थर टिकतो की फाटतो ते इथे कळतं. तो किमान ३.५ (एकक मिलिपास्कल-सेकंद) असावा आणि उष्ण प्रदेशात ४ च्या वर असलेला बरा. आजच्या ०डब्ल्यू-२० ऑइलात तो २.६ च्या आसपास असतो. ते ऑइल वाईट नाही, पण ते ज्या इंजिनांसाठी बनवलं त्यांतल्या फटी वेगळ्या आणि पंपही वेगळे.

घट्ट म्हणजे सुरक्षित, असं मात्र समजू नका. पुण्याच्या थंडीत २०डब्ल्यू-५० ला काही अडचण नाही. शिकागोच्या जानेवारीत तेच ऑइल पंपापर्यंत रखडत पोचतं. फिल्टरमधून जाताना दाब वाढला की बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच पुढे जातं. १९८४ पासूनच्या ३.२ कॅरेरा या ९११ मॉडेलात टायमिंग चेन ताणून धरणारे टेन्शनरही इंजिन ऑइलच्या दाबावर चालतात, त्यामुळे सुरू करताना ऑइल वेळेत पोचणं तिथे जास्तच महत्त्वाचं. ऑइल टेंपरेचरचा काटा जागचा हलेपर्यंत ३००० आरपीएमच्या वर जाऊ नका. इंजिन तापल्यावर दर १००० आरपीएममागे साधारण १० पीएसआय दाब मिळाला तर ग्रेड जमला. गरम इंजिन आयडलवर असताना दाबाचा काटा बराच खाली येतो, त्याला घाबरू नये.

आता फॉस्फरस. या इंजिनात कॅमच्या उंचवट्यावर रॉकरचा पृष्ठभाग घसरतो. मध्ये रोलर नाही. त्या घसरणीच्या जागी ऑइलचा थर दबून जातो आणि धातू धातूला लागायची वेळ येते. तिथे झेडडीडीपी नावाचं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग उष्णतेने आणि दाबाने पृष्ठभागावर एक पातळ लेप धरतं. झिजतो तो लेप, कॅम नाही. पण हाच फॉस्फरस एक्झॉस्टमधून जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून ऑइलचे वर्ग ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकी संस्थेने त्यावर मर्यादा आणली. २००४ मध्ये आलेल्या एसएम वर्गात ती ८०० पीपीएम झाली.

इथेच अनेकांची चुकीची समजूत आहे. एसएम किंवा त्यानंतरचे एसएन, एसपी हे वर्ग लिहिलेले दिसले की डबा परत ठेवतात. ती मर्यादा ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ, इंधन वाचवणाऱ्या ग्रेडना आहे. १५डब्ल्यू-५० आणि २०डब्ल्यू-५० तिच्यातून सुटतात. डब्यावरच्या एपीआयच्या गोल चिन्हात खालच्या बाजूला ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ लिहिलं असेल तर ते ऑइल नको. नसेल तर उत्पादकाच्या वेबसाइटवरून डेटाशीट उतरवा आणि फॉस्फरसचा आकडा वाचा. मोबिल १ च्या १५डब्ल्यू-५० मध्ये तो १२०० च्या आसपास आहे, व्हॅल्व्होलिन व्हीआर१ २०डब्ल्यू-५० मध्ये १३०० च्या आसपास. फॉर्म्युले बदलत राहतात, म्हणून दर खरेदीला ताजी शीट बघायची सवय ठेवा. युरोपातल्या डब्यावर एसीईए (तिथल्या कार उत्पादकांची संघटना) ए३/बी४ हा वर्ग असेल तर ठीक. सी३ असेल तर फॉस्फरस ९०० च्या वर जात नाही, ते सोडा. पोर्शच्याच सी३० मान्यतेची ऑइलंही या इंजिनासाठी नाहीत.

झेडडीडीपीची वेगळी बाटली ओतू नका. प्रमाण फार वाढलं तर तेच संयुग धातू खाऊ लागतं, आणि उत्पादकाने जुळवून दिलेलं मिश्रण बिघडतं. ट्रकच्या डिझेल ऑइलचाही सल्ला मिळतो. त्यात झेडडीडीपी असतं हे खरं, पण काजळी धरून ठेवण्यासाठी डिटर्जंटही भरपूर असतं आणि ते पृष्ठभागावरच्या जागेसाठी त्याच लेपाशी स्पर्धा करतं. अडीअडचणीला चालेल, नेहमीसाठी नको.

सिंथेटिकने गळती होते, ही तक्रार अर्धी खरी. सिंथेटिक चांगले सील खराब करत नाही. ते जुना गाळ धुऊन काढतं, आणि त्या गाळानेच बुजलेल्या फटी मोकळ्या होतात. व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट, ऑइल रिटर्न ट्यूबच्या ओ-रिंग, इंजिनावरच्या कूलरचे सील या नेहमीच्या जागा. त्या कोरड्या असतील तर बिनधास्त सिंथेटिक घाला. ओल्या असतील तर दुरुस्ती होईपर्यंत मिनरल २०डब्ल्यू-५० स्वस्त पडतं. नव्या रिंगा टाकलेल्या इंजिनाला सुरुवातीला मिनरल ब्रेक-इन ऑइलच (इंजिन रुळवण्यासाठीचं) द्या.

ऑइल बदलताना सर्वांत जास्त घोळ होतो तो पातळी मोजताना. इंजिन पूर्ण तापवा, गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा. खाली १५ लिटर मावेल असं भांडं ठेवा. ड्रेन प्लग दोन आहेत, एक टाकीचा, एक इंजिनाखालचा. दोन्ही उघडा, वॉशर दर वेळी नवे घाला. जुन्या मॉडेलांत इंजिनाखाली जाळीची प्लेट असते. तिचे नट आवळून घट्ट केले की प्लेट वाकते आणि मग ती गळतच राहते, म्हणून टॉर्क रेंच १० न्यूटन-मीटरच्या आत ठेवा. फिल्टर बदला (एससी आणि ३.२ कॅरेरा या ९११ च्या मॉडेलांना माहले ओसी ५४ बसतो) आणि त्याच्या रबराला ऑइलचं बोट फिरवा.

एससी किंवा ३.२ असेल तर पुस्तिकेत एकूण १३ लिटर दिसतं म्हणून तेवढं ओतू नका. कूलर आणि पाइपांत बरंच ऑइल शिल्लक असतं. आधी ८ लिटर घाला, इंजिन सुरू करा, दाबाचा दिवा विझला याची खात्री करा आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गाडी चालवून आणा. मग सपाट जागी, इंजिन गरम आणि आयडलवर चालू असतानाच डिपस्टिक बघा. अर्धा-अर्धा लिटर घालत दोन खुणांच्या मधोमध थांबा. डॅशबोर्डवरचा लेव्हलचा काटाही फक्त याच स्थितीत खरं सांगतो. काही आठवडे उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल झिरपून इंजिनात उतरतं आणि थंड इंजिनावर डिपस्टिक कोरडी निघते. ती बघून कोणी दोन लिटर ओतले, की इंजिन तापल्यावर जादा ऑइल टाकीच्या ब्रीदरमधून (हवा बाहेर जाण्याच्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं आणि मागे निळा धूर दिसतो. इंजिन बिघडलेलं नसतं, जादा ऑइल काढलं की धूर थांबतो.

५००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल तेव्हा बदला. छोट्या फेऱ्यांत ऑइल ९० अंशांपर्यंत पोचत नाही, पाणी आणि पेट्रोल त्यातच राहतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला तर मिश्रण रिच आहे, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त आहे. ते आधी दुरुस्त करा, नाहीतर नवं ५० ग्रेडही पातळ होईल.

मुंबई-पुण्यात जपलेल्या फोक्सवॅगन बीटललाही फॉस्फरसचा हाच नियम लागू आहे, कारण तिचे टॅपेटही कॅमवर घसरतात. फक्त तिच्यात अडीच लिटर ऑइल आणि फिल्टरऐवजी नुसती जाळी असते, म्हणून ३००० किलोमीटरला बदललेलं बरं.

आणि ९११ ऑइल पिते म्हणून लगेच इंजिन उघडू नका. कंपनीच्या पुस्तिकांत १००० किलोमीटरला दीड लिटरपर्यंतचा खप धरलेला आहे. पुढच्या डिकीत त्याच ऑइलचा एक डबा ठेवा. वाटेत तो संपला तर पंपावर मिळेल ते २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० घाला, कमी ऑइलवर चालवण्यापेक्षा ते बरं. इंजिनं बरीच चालली की, विशेषतः ३.२ मध्ये, व्हॉल्व्ह गाइड झिजतात आणि खप हळूहळू वाढतो. वाढ लक्षात यावी म्हणून दर टॉप-अपला किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवा.