मांजरांच्या घरात फिल्म धुताना

रोल घरीच धुते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "अहो, घरात दोन मांजरं आणि निगेटिव्हवर केस येत नाहीत? करता तरी काय?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. मांजर हवं की फिल्म, असंही काही जण विचारतात. मला तो प्रश्नच मान्य नाही. एका रात्रीपुरतं न्हाणीघर बंद ठेवायची तयारी असेल तर दोन्ही एका घरात सुखानं नांदतात.

आधी केस नेमका कुठे होता ते ओळखता यायला हवं. फोटोत तो पांढरा दिसत असेल तर निगेटिव्हवर बसलाय. छापताना त्यानं प्रकाश अडवला, तेवढा कागद कोरा राहिला. काळा दिसत असेल तर तो कॅमेऱ्याच्या आत, फिल्मच्या अगदी पुढ्यात होता. तिथे फिल्मवर प्रकाश पडलाच नाही, त्यामुळे निगेटिव्ह कितीही साफ केलीत तरी ती रेघ जाणार नाही. पांढरी रेघ प्रिंटवर बारीक ब्रशनं रंग भरून झाकता येते; काळी रेघ पात्यानं खरवडावी लागते, आणि त्याला फार सरावाचा हात लागतो. प्रत्येक फोटोत एकाच जागी काळी रेघ येत असेल तर रोल काढल्यावर कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडा आणि फिल्मच्या पुढ्यातल्या चौकटीची कड बघा. लेन्स चित्र उलटं पाडते, म्हणून फोटोत आभाळात दिसणारा केस चौकटीच्या खालच्या कडेला सापडतो. हाताच्या ब्लोअरनं हलकेच उडवा. तोंडानं फुंकर घालू नका, थुंकी उडते.

एवढ्याशा केसाचं एवढं काय, असं वाटेल. पस्तीस एमएमची फ्रेम असते 24 बाय 36 मिलिमीटरची. 8 बाय 10 इंचांचा प्रिंट काढायचा तर ती आठपटीहून जास्त वाढवावी लागते. पाच मिलिमीटरचा केस कागदावर चार सेंटिमीटरचा होतो, आणि तो नेमका कुणाच्या तरी गालावरच येतो.

खरा धोक्याचा वेळ वाळवण्याचा. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. पाण्यात तो फुगतो, मऊ आणि चिकट होतो. त्या वेळी पडलेला केस तिथेच रुतून वाळतो. म्हणून मी फिल्म न्हाणीघरातच वाळवते. आधी टॉवेल, पायपुसणं, वाळत घातलेले कपडे सगळं बाहेर काढते, कारण केस त्यांच्यातच असतात. फरशी ओल्या फडक्यानं पुसते, झाडू अजिबात मारत नाही. मग गरम पाण्याचा शॉवर सोडून खोली वाफेनं भरू देते. हवेतली धूळ आणि तरंगणारे केस ओले होऊन खाली बसतात. पाणी बंद करून थोडा वेळ दार लावून ठेवते आणि मगच फिल्म टांगते, खालच्या टोकाला चिमटा लावून. एक्झॉस्ट बंद, दाराखालच्या फटीत ओलं फडकं. त्यानंतर सकाळपर्यंत दार उघडायचं नाही, मांजरानं बाहेरून कितीही ओरखडलं तरी.

आणि आपले कपडे! घरातले सर्वांत जास्त केस मांजर ज्या मांडीवर झोपतं तिथून येतात. फिल्म टांगायला जाताना स्वेटर नको. धुतलेला सुती सदरा घाला, हात कोपरापर्यंत ओले करा.

शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरते आणि त्यात फोटो-फ्लो हे फिल्मसाठीचं द्रव, एकास दोनशे या प्रमाणात. त्यानं पाणी थेंब न धरता सरळ ओघळून जातं, डाग राहत नाहीत. बोटांनी किंवा रबरी चिमट्यानं फिल्म निपटू नका. मध्ये एखादा खडा अडकला तर सबंध रोलवर ओरखडा पडतो.

वाळलेल्या फिल्मचा वैरी म्हणजे स्थिर वीज. फिल्म प्लास्टिकची, त्यावर कोरडं फडकं घासलं की ती केस ओढायलाच लागते. पुण्याच्या कोरड्या थंडीत तर बघायलाच नको. म्हणून घासणं नाही. ब्लोअर, आणि अगदीच गरज पडली तर मऊ अँटिस्टॅटिक ब्रश, सावकाश. पावसाळ्यात हा त्रास जवळजवळ संपतो, पण फिल्म वाळायला फार वेळ लागतो आणि नंतर जिलेटिनवर बुरशी धरते. पूर्ण वाळलेल्या पट्ट्या लगेच पाकिटात घालते, आणि पाकिटं सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात.

चेंजिंग बॅगचं, म्हणजे आत हात घालून अंधारात फिल्म हाताळायच्या पिशवीचं, मात्र बरेच जण विसरतात. काळं, मऊ कापड. मांजराला झोपायला याहून चांगली जागा नाही. माझी बॅग स्टीलच्या डब्यात असते. वापरण्याआधी ती उलटी करते, चिकटपट्टीनं आतून-बाहेरून केस टिपून घेते. रोलच्या डबीच्या फटीला मखमल असते, तीही केस धरते. म्हणून रोल खिशात सुटा टाकू नका, त्याच्या प्लास्टिकच्या डबीतच ठेवा.

केस रुतलाच तर नखानं काढायला जाऊ नका. ती पट्टी साध्या, खोलीच्या तापमानाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा. जिलेटिन पुन्हा फुगतं आणि केस बहुतेक वेळा आपणहून सुटतो. मग फोटो-फ्लो, आणि पुन्हा वाळवणं, वर सांगितलं तसंच.

स्कॅनर धूळ आपोआप काढतो ना, असंही विचारतात. काढतो, पण रंगीत निगेटिव्हवरची. इन्फ्रारेड किरण रंगद्रव्यातून आरपार जातात, धुळीला अडतात, म्हणून यंत्राला धूळ वेगळी दिसते. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र चांदीचं असतं. चांदीही ते किरण अडवते, आणि स्कॅनर चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतो. इलफर्डची एक्सपी-2 ही कृष्णधवल फिल्म मात्र रंगीत प्रक्रियेतच धुतली जाते, तिला ही सोय चालते. बाकी कृष्णधवल स्कॅन करताना धूळ काढायची ती सोय बंद ठेवा.