नाताळला कुठे जायचं? आमचं उत्तर वसईत सापडलं

2024 च्या ऑक्टोबरात लेकीने जाहीर करून टाकलं की या नाताळला तिला खरा गोठा बघायचा आहे. मॉलमधला कापसाच्या बर्फाचा नाही, बाळ येशूचा, चर्चजवळचा. धाकट्याला समुद्र हवा होता. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखरे, म्हणजे जिने नकोत. आणि नवऱ्याला सुट्टी मिळाली 24 ते 27 डिसेंबर, मोजून चार दिवस.

पहिलं नाव अर्थातच गोव्याचं निघालं. पुण्याहून गोवा एक्सप्रेस मिरज, लोंढा करत दूधसागरच्या घाटातून उतरते. पण तेव्हा रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं आणि आम्ही जागे झालो ऑक्टोबर संपताना. (60 दिवसांचा नियम 1 नोव्हेंबरपासून आला.) आमच्या तारखांना लांबलचक वेटिंग. शिवाय त्या वर्षी जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं शवप्रदर्शन होतं, 21 नोव्हेंबर ते 5 जानेवारी. दहा वर्षांतून एकदा येणारा हा योग, ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी त्यासाठी जावंच. सासूबाईंना घेऊन त्या गर्दीत शिरायची मात्र मला हिंमत होईना.

तरी विमानाने जाऊ म्हणून एका हॉटेलशी बोलणं जवळपास पक्कं केलं होतं. पैसे भरायच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा मेल आला: 24 तारखेचं ‘गाला डिनर’ सक्तीचं, माणशी वेगळे पैसे, मुलांचेही. पाच जणांचं मिळून ते एका रात्रीच्या भाड्याच्या वर गेलं. मला मनापासून राग आला. सासूबाई साडेसातला वरणभात जेवून आडव्या होणाऱ्या, त्यांनी डीजेसमोर बसून काय करायचं? नाताळ आणि थर्टी फर्स्टच्या दिवसांत कुठेही खोली घेताना हा प्रश्न पहिल्याच फोनवर विचारा आणि उत्तर लेखी मागून घ्या, असं मी आता सगळ्यांना सांगते.

मग केरळातलं फोर्ट कोची. तिथे डिसेंबरअखेरीला कार्निव्हल असतो आणि पप्पांजी नावाच्या म्हाताऱ्याचा भलामोठा पुतळा जाळून वर्षाला निरोप देतात. पण तो 31 च्या मध्यरात्री, आमची सुट्टी 27 ला संपणार. नाताळच्या रोषणाईचं कोलकात्याचं पार्क स्ट्रीट चार दिवसांत बसेना.

शेवटी तोडगा काढला सासूबाईंनीच. “फादर दिब्रिटोंची वसई आहे की! मिस्सा मराठीत असते, मला कळेल तरी.” मिस्सा म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना. दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांचं लेखन सासूबाई कित्येक वर्षं वाचत आलेल्या. 2024 च्या जुलैत ते गेले तेव्हा पेपरातलं कात्रण त्यांनी पोथीत ठेवलं होतं.

मी गप्पच झाले. माझ्या लेखी वसई म्हणजे चिमाजीअप्पा, 1739 आणि किल्ला, शाळेच्या पुस्तकातली. घरात कादोडी ही इथली बोली आणि चर्चमध्ये मराठी बोलणारी माणसं इथून काही तासांवर पिढ्यान्‌पिढ्या नाताळ करत आली आहेत आणि मी मात्र सण शोधायला विमानाची तिकिटं बघत बसले होते.

पुढचं सोपं गेलं. दादरला गाडी बदलायची तर पूल चढणं आलं, ते टाळायचं होतं. पुण्याहून अहमदाबाद, इंदूरकडे जाणाऱ्या काही गाड्या कल्याणवरून थेट वसई रोडला येतात, त्यातल्या एकीची तिकिटं मिळाली. राहायला समुद्राजवळ एक घरगुती रिसॉर्ट. फोनवर मी तीनच गोष्टी विचारल्या: तळमजला आहे ना, कमोड आहे ना, आणि मिस्सेहून रात्री परतायला रिक्षा मिळेल ना. मालकीणबाई म्हणाल्या, “रिक्षा कशाला? आजींना आमच्या गाडीतून नेऊ.”

24 च्या संध्याकाळी गल्लोगल्ली कागदी चांदण्या लागल्या होत्या. एका वळणावर पोरं गोठ्यावर शेवटचा हात फिरवत होती. पेंढ्याचं छप्पर, मातीची मेंढरं, आणि ताटलीत आठवडाभर आधी पेरलेल्या गव्हाचे हिरवेगार कोंब, ते म्हणजे शेत. मधली गव्हाण रिकामी. लेकीने विचारलं, “बाळ कुठंय?” त्यातला एक मुलगा पेंढा सारखा करत म्हणाला, “रात्री येणार.”

मिस्सा उघड्या मैदानात होती. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो, सगळे उठले की उठलो, कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाच्या वेळी जागेवरच थांबलो. मारिया आणि योसेफला उतारशाळेत जागा मिळाली नाही, तो भाग वाचला गेला तेव्हा सासूबाई माझ्या कानाशी आल्या. “उतारशाळा! किती वर्षांनी ऐकला गं हा शब्द.” साडेसातला झोपणारी ही बाई शाल लपेटून शेवटपर्यंत ताठ बसली होती.

परतताना मालकीणबाईंनी गाडी त्याच वळणावर थांबवली. लेकीच्या हातात त्यांनीच दिलेलं अर्धं खाल्लेलं सुकेळं होतं. ते भावाकडे देऊन, चपला काढून ती पुढे गेली. गव्हाणीत आता बाळ होतं, वीतभर, गुलाबी, एक हात वर केलेलं. ती बराच वेळ उकिडवी बसून बघत राहिली, मग धावत गाडीकडे आली आणि दार उघडून म्हणाली, “आजी, उतर. हळू उतर, पण बघायला चल.”