सोडियम ११६

इंग्लंडमधील एका रुग्णालयाच्या अंतःस्रावी ग्रंथींच्या वॉर्डात मी परिचारिका म्हणून काम करते. गेल्या हिवाळ्यात एका रात्री साठीच्या एक गुजराती बाई आमच्याकडे दाखल झाल्या. तीन दिवसांच्या उलट्या, बीपी ८० च्या खाली, सोडियम धोकादायकरीत्या घसरून ११६, पोटॅशियम वाढून ५.९ आणि साखर उतरून ३.१, म्हणजे आपल्याकडच्या मापाने साधारण ५६. त्यांची सून सांगत होती की सासूबाई वर्षभर वाळत चालल्या आहेत आणि हल्ली लोणच्याचा खार चमच्याने खातात. सलाईनसाठी हात हातात घेतला, तेव्हा तळव्यावरच्या रेषा शाईने ओढल्यासारख्या काळ्या दिसल्या. हिरड्यांवरही तसेच काळपट डाग होते. गोऱ्या कातडीवर हा काळसरपणा चटकन नजरेत भरतो. आपल्या वर्णात मात्र तो मुद्दाम शोधावा लागतो, आणि घरच्यांनी तो उन्हाचा परिणाम समजून सोडून दिला होता.

हा ॲडिसनचा आजार होता. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या की शरीरात मीठ टिकत नाही, पोटॅशियम साचते आणि बीपी कोसळते. अशा वेळी रिपोर्टची वाट पाहायची नसते. या ग्रंथींतून स्रवणाऱ्या कॉर्टिसोल या संप्रेरकाच्या तपासणीसाठी रक्त काढून लगेच त्याची उणीव भरणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले आणि पहिल्या तासात एक लिटर नॉर्मल सलाईन सोडले. पोटॅशियम वाढलेले असल्याने हृदयाच्या ठोक्यांसाठी मॉनिटर लावला.

दोनच्या सुमारास बीपी सावरले, बाई बोलू लागल्या आणि सुनेने डोळे पुसले. माझी खरी काळजी मात्र तिथून सुरू झाली. कॉर्टिसोल नसताना शरीर पाणी धरून ठेवते. ते मिळताच मूत्रपिंडे साठलेले पाणी भराभर बाहेर टाकू लागतात आणि सोडियम एकदम वर चढते. हे चढणे चोवीस तासांत ८ ते १० च्या पुढे जाऊ द्यायचे नसते, कारण त्याने मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणाला कायमची इजा होऊ शकते आणि ती काही दिवसांनी, सगळे ठीक वाटत असतानाच उघड होते. तोपर्यंत तासाला ४० मिली येणारी लघवी तीन वाजता ३०० मिली झाली होती, आणि पिशवीत ती नळाच्या पाण्यासारखी फिकट दिसत होती. मी डॉक्टरांना बोलावून पुन्हा रक्त पाठवले. सोडियम १२३ आले. सहा तासांत सात! सोडियमची चढ रोखण्यासाठी सलाईन थांबले, पाच टक्के डेक्स्ट्रोज (मीठ नसलेले साखरेचे पाणी) सुरू झाले, आणि पुढे दर दोन तासांनी रक्त व दर तासाला लघवीचे माप घेत दुसऱ्या रात्री आम्ही १२५ वर पोहोचलो. इनटेक-आउटपुटचा, म्हणजे शरीरात गेलेल्या आणि बाहेर आलेल्या पाण्याचा तक्ता हे कारकुनी काम आहे असे मानणाऱ्यांना मला ते तीन वाजताचे माप दाखवावेसे वाटते.

आपल्याकडे हा आजार क्वचितच दिसतो, पण त्याच्याशी नाते सांगणारा धोका घरोघरी आहे. दमा किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या अधिवृक्क ग्रंथी मंदावतात, आणि बरे वाटल्यावर त्या गोळ्या अचानक बंद केल्या की असेच संकट ओढवू शकते. इथे इंग्लंडमध्ये २०२० पासून अशा रुग्णांना खिशात बाळगण्यासाठी स्टिरॉइड आणीबाणीचे कार्ड देतात. माझी आई मिरजेला असते आणि दम्यासाठी प्रेडनिसोलोन घेते. तिच्या पाकिटात मी मराठीत लिहिलेली चिठ्ठी ठेवली आहे: ‘मी रोज स्टिरॉइड घेते. ते एकदम बंद करू नये. ताप आल्यास डोस वाढवण्याबद्दल डॉक्टरांना लगेच विचारावे. उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल, तर रुग्णालयात नेऊन हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन द्यावे. ऑपरेशनपूर्वी भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे दाखवावे.’