इंटरव्हलनंतरची सीडी

दिवाळी अंकांचा गठ्ठा ठेवायला कपाटात जागा करत होतो, तेव्हा सीडींचं जुनं पाकीट हाती लागलं. चेन तुटलेली, आत साठेक सीडी. प्रत्येकीवर मार्करने माझ्याच अक्षरात सिनेमाचं नाव, पुढे १ किंवा २. व्हीसीडीत जेमतेम ८० मिनिटं मावायची, म्हणून सिनेमा दोन तुकड्यांत यायचा. पहिली सीडी गुणी, दुसरी हमखास अडकायची. शर्टाला पुसा, टूथपेस्ट चोळा, ऐन शेवटाला नायिकेचा चेहरा चौकोनाचौकोनांत थिजायचा. मग आई म्हणायची, "लग्न झालं असं धरूया. झोपा आता."

बेळगावात मराठी सिनेमा थेटरात लागला तर लागला, तोही आठवडाभर. नाहीतर कोल्हापूर गाठा, शंभरावर किलोमीटर. त्यामुळे गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या सीडीवाल्याकडून कॉपी आणणं म्हणजे चोरी, असं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नाही. उलट आपण मराठी जपतोय, असाच आविर्भाव. १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिवसाच्या फेरीत मराठीसाठी घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि रात्री घरी येऊन मराठी निर्मात्याला बुडवायचं!

फुकट मात्र काहीच नव्हतं. सीडीवाला ३० रुपये घ्यायचा. पुढे नेटवरून सिनेमा उतरवायचं टोरंट आलं, तेव्हा सायबर कॅफेवाला तासावर घ्यायचा. सिनेमा ७०० एमबीचा, कारण कोऱ्या सीडीत तेवढाच बसतो. सीडीचे पैसे वेगळे. सगळ्यांना पैसे पोचले, फक्त सिनेमा काढणाऱ्याला सोडून.

आता मी ओटीटीचे पैसे भरतो. सज्जनपणा वगैरे काही नाही, आळस. २०१६ ला जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला, आणि खोट्या डाउनलोड बटणांच्या गर्दीत खरं बटण शोधत बसण्यापेक्षा महिन्याचे पैसे टाकणं सोपं वाटायला लागलं. (पासवर्ड मेव्हण्याचाही चालतो, ते सोडा.)

यंदा एका छोट्या दिवाळी अंकात माझा लेख आला. मानधन ५०० रुपये. ते यायच्या आधी अख्ख्या अंकाची पीडीएफच व्हॉट्सॲपवर आली. मावसभावाने पाठवलेली, "तुझं नाव आलंय बघ." छाती अशी फुगली, की मीच ती चार ग्रुपवर पुढे ढकलली. आणि संपादकांना फोनवर शब्द दिलेला, वीस अंक बेळगावात मी खपवतो. त्यातले दोन गेले. एक मीच घेतला.

उरलेले अठरा घेऊन परवा शेजारच्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"लेख वाचला की. झकास लिहिलायस."

"मग एक अंक घ्या की, काका."

"कशाला? पीडीएफ तूच पाठवलीस की!"